आकाशातले ६६ टॉवर

हरिश्चंद्रगडावर किंवा स्पितीत रेंज गेली की आपण मोबाईल कंपनीच्या नावाने खडे फोडतो. आजची गोष्ट अशा कंपनीची, जिने ठरवलं की पृथ्वीवर रेंज नसलेली जागाच ठेवायची नाही. तिचं नाव इरिडियम.

असं सांगतात की १९८५ साली मोटोरोलाचे इंजिनिअर बॅरी बर्टिगर बायकोसोबत बहामा बेटांवर सुट्टीला गेले होते. तिथून बायकोचा कामाचा फोन काही लागेना. तिने नवऱ्यालाच विचारलं, कुठूनही लागेल असा फोन तुम्ही का बनवत नाही? बर्टिगरांनी ते मनावर घेतलं.

सॅटेलाइट फोन तेव्हाही होते, पण ते सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांशी बोलायचे. त्यासाठी मोठा अँटेना लागायचा आणि आवाजही थोडा उशिरा पोचायचा. यांनी ठरवलं, उपग्रह ७८० किलोमीटरवर आणायचे, म्हणजे हातातला फोन पुरेल. अडचण अशी की इतक्या खालचा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. म्हणून भरपूर उपग्रह हवेत. हिशेब आला ७७. इरिडियम या धातूचा अणुक्रमांकही ७७, म्हणून हे नाव. पुढे ६६ पुरतील असं लक्षात आलं, पण नाव तेच राहिलं.

इंजिनिअर म्हणून मला यातला एक भाग भारी वाटतो. एरवी आपण फिरतो आणि टॉवर जागेवर असतो. इथे माणूस जागेवर आणि टॉवर पळतोय! एक उपग्रह मावळायच्या आत कॉल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तोही बोलणं न तुटता. नव्वदच्या दशकातल्या हार्डवेअरवर हे जमवलं होतं.

१ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. पहिला कॉल अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांनी ग्रॅहम बेल यांच्या पणतूला केला. आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नऊ महिन्यांत!

का? फोन विटेएवढा, किंमत सुमारे ३,००० डॉलर, मिनिटाला काही डॉलर, आणि घरात, गाडीत चालायचा नाही, मोकळं आकाश हवं. मोठ्या पगाराचे बिझनेसवाले हा फोन घेतील असं गणित होतं. पण तोवर ते ज्या शहरांत फिरायचे तिथे साधे टॉवर उभे राहिले होते. खरी गरज होती ती जहाजावरच्या खलाशाला, वाळवंटातल्या, बर्फातल्या माणसाला. ही माणसं मोजकी. त्यांच्या बिलांवर ६६ उपग्रह फिरवणं परवडणारं नव्हतं.

उपग्रह वातावरणात जाळून टाकायचंही ठरलं होतं. शेवटी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कंत्राट दिलं आणि डिसेंबर २००० मध्ये नव्या मालकांनी सगळी यंत्रणा अडीच कोटी डॉलरला घेतली. उभारायला लागले होते सुमारे ५०० कोटी. म्हणजे दोनशे रुपयांची वस्तू एका रुपयात! इरिडियम आजही चालू आहे.

आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. परदेशी पर्यटकांना त्यासाठी विमानतळावर पकडलंय. त्यामुळे ट्रेकला कुणी 'बाहेरून आणलाय' म्हणत दाखवला, तर चार हात लांबच राहा.

मग आपल्या दुर्गम गावांचं काय? २००२ पासून टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा एका सरकारी निधीत जातो. आज त्याचं नाव डिजिटल भारत निधी. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागांत बीएसएनएलचे टॉवर याच पैशातून उभे राहिले. फायद्याचा हिशेब लावला असता, तर तिथे टॉवर उभाच राहिला नसता.

म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधले थोडे पैसे कुणाच्या तरी गावातून अॅम्ब्युलन्सला फोन लागावा म्हणून जातात. दुर्गम भागातला फोन असाच चालतो: कुणीतरी दुसऱ्यासाठी पैसे मोजतं. अमेरिकेत ते सैन्याने मोजले, इथे आपण मोजतोय. तो पैसा टॉवरपर्यंत पोचतो की नाही, हे विचारायचा हक्कही मग आपलाच ना?

तुमच्या गावात रेंज कधी आली, आणि त्याआधी फोनसाठी कुठे जावं लागायचं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!