तळटीप : ‘लाल दुवा’

१२. ‘लाल दुवा’ : हा उल्लेख अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, नॉर्विच येथे घडलेल्या खटल्याचा आहे. १९ ऑक्टोबर २००४ रोजी तेथील सातवीच्या वर्गावर असलेल्या बदली शिक्षिकेच्या (तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही) संगणकावर अश्लील चित्रांच्या खिडक्या उघडू लागल्या. एक बंद करावी तर दुसरी हजर. संगणक बंद करायचा नाही, अशी तिला सूचना होती. यंत्रावर जुनेपुराणे विंडोज ९८ होते आणि नको ती संकेतस्थळे अडवणाऱ्या यंत्रणेची मुदतही संपली होती.

मूळ मजकुरातला ‘लाल’ शब्द नीट समजून घेतला पाहिजे. पानावरील दुवा लाल दिसतो, म्हणजे तो कोणीतरी दाबलेला आहे, असा अर्थ सरकार पक्षाने न्यायालयात लावला. प्रत्यक्षात तो रंग त्या पानाच्या संकेतावलीतच लिहिलेला होता, हे संगणक-सुरक्षेच्या तज्ज्ञांनी पुढे मोबदला न घेता केलेल्या तपासणीत दाखवून दिले. यंत्रात हेरगिरीची सॉफ्टवेअर शिरली आहेत का, हे पोलिसांनी तपासलेच नव्हते. एवढी साधी तपासणी राहून जावी, हे अक्षम्य आहे.

जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने तिला चार आरोपांखाली दोषी ठरवले. शिक्षा ४० वर्षांपर्यंत होऊ शकली असती. जूनमध्ये तो निकाल रद्द होऊन नव्या खटल्याचा आदेश निघाला. याला ‘निर्दोष सुटका’ म्हणता येणार नाही : नोव्हेंबर २००८ मध्ये तिने एक किरकोळ आरोप मान्य केला, १०० डॉलर दंड भरला आणि अध्यापनाचा परवाना परत केला.