‘गो’ आणि ‘वेंट’ : एका क्रियापदाचा इतिहास

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ‘गो, वेंट, गॉन’ ही रूपे पाठ करावी लागतात. शालेय व्याकरण ‘वेंट’ची गणना अनियमित रूपांत करून थांबते. परंतु ‘अनियमित’ म्हणणे हे वर्गीकरण झाले, स्पष्टीकरण नव्हे. ‘गो’पासून ‘वेंट’ कोणत्याही ध्वनिनियमाने सिद्ध होत नाही. ते मुळात दुसऱ्याच क्रियापदाचे रूप आहे. ते या जागी कसे आले, हा इतिहासाचा प्रश्न होय.

प्राचीन इंग्रजीत ‘गान’ या क्रियापदाचा अर्थ जाणे, विशेषतः पायी चालणे, असा होता. घोड्यावरून जाण्याच्या विरोधी अर्थाने ‘गो’चा उपयोग पुढेही काही शतके होत राहिला. या ‘गान’चे भूतकाळी रूप ‘एओदे’ असे होते आणि तेही त्या धातूपासून झालेले नव्हते. चौथ्या शतकातील बायबलच्या गॉथिक भाषांतरातही ‘गंगन’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘इद्द्या’ असाच परधातूचा आढळतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘वेंट’ने एखादी सुरळीत रूपावली मोडली नाही. ती जागा पूर्वीपासूनच परक्या रूपाकडे होती; तिचा धनी तेवढा बदलला.

हा नवा धनी ‘वेन्दन’ या क्रियापदातून आला. ‘विन्दन’ या धातूचे हे प्रयोजक रूप. त्याचा अर्थ वळवणे, वळणे. अमुक दिशेस वळणे म्हणजे तिकडे जाणे, हे अर्थांतर सहज होणारे आहे. ‘त्याची पावले घराकडे वळली’ या मराठी वाक्यात वळण्यापेक्षा जाण्याचाच बोध अधिक होतो. ‘सेंड’चे ‘सेंट’ आणि ‘बेंड’चे ‘बेंट’ होते, त्याच नियमाने ‘वेंड’चे ‘वेंट’ झाले. म्हणजे आपल्या मूळ घरी हे रूप पूर्णपणे नियमित होते. इकडे ‘एओदे’ची ‘येदे’, ‘योदे’ अशी भिन्न रूपे झाली व पंधराव्या शतकात ती मागे पडून त्यांची जागा ‘वेंट’ने घेतली. ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ हा नवा भूतकाळ घडवावा लागला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गे’ या मूळ रूपापासूनच ‘गेड’ हा भूतकाळ तयार झाला. जुन्या रूपाचे विस्मरण किती झाले होते, हे सोळाव्या शतकातील कवी स्पेन्सर याच्या प्रयोगावरून दिसते. जुने शब्द हौसेने वापरणाऱ्या या कवीने ‘येदे’ हे भूतकाळी रूपच मूळ धातू समजून योजले.

हा प्रकार इंग्रजीपुरता नाही. संस्कृतात ‘इ’ म्हणजे जाणे या धातूच्या जागी लुङ्‌मध्ये ‘गा’ हा आदेश पाणिनीने सांगितला आहे. फ्रेंच भाषेत याच अर्थाच्या क्रियापदाची रूपे तीन निरनिराळ्या मुळांतून आली आहेत. मराठीत ‘जातो’ हे रूप संस्कृत ‘या’ धातूचे, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपाला प्राकृत ‘इल्ल’ प्रत्यय लागून झालेले आहे. ‘आला’ हे रूपही ‘आगत’पासून, म्हणजे ‘गम्’पासूनच, निघते. विशेष हे, की इंग्रजीतील ‘कम’ म्हणजे येणे हे क्रियापद ‘गम्’शी सजातीय आहे. तेव्हा मराठी ‘गेला’चा आप्त इंग्रजीत शोधावयाचा तर तो ‘वेंट’ नसून ‘केम’ होय.

क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांना भाषा लवकर नियमित साच्यात बसवते. ज्या शब्दांवाचून दिवस जात नाही, त्यांची विषम रूपे मूल नियम शिकण्यापूर्वीच ऐकून आत्मसात करते. म्हणून ती टिकतात. मराठी मूल ‘जातो, गेला’ बोलताना अडत नाही, याचे कारण हेच. विद्यार्थी ज्याला अपवाद म्हणून पाठ करतो, ते पुष्कळदा भाषेच्या इतिहासाचे जपलेले साधन असते. व्याकरणाच्या अध्यापनात अपवादांची यादी देऊन न थांबता त्यांची कुळकथाही सांगितली जावी, ती याचसाठी.