ताडपत्री घालू की नको? एका साध्या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास

तर झालं असं. माझा मामेभाऊ अमेरिकेत, ओहायोमध्ये राहतो. त्याने एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय. म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. झोपायची जागा, ओटा, संडास, सगळं आत. तिकडे अशा वाहनांना सरसकट आरव्ही म्हणतात. उन्हाळ्यात फिरायचं आणि नोव्हेंबर ते एप्रिल घरासमोर उभं करून ठेवायचं. मागच्या हिवाळ्यात दादाने त्यावर निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली. एप्रिलमध्ये दार उघडलं तर कुबट वास, कपाटात काळी बुरशी आणि एका जागी पायाखालची जमीन दबतेय!

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "अगं, तू पॉलिमरवाली ना? आरव्हीसाठी मापाने शिवलेलं कव्हर मिळतं, काहीशे डॉलरचं. घेऊ की नको? मला तर वाटतं कव्हरनेच वाट लावली."

मी "नको घेऊस" म्हणणारच होते. पुरावा समोर होता ना! पण पीएचडीत एक सवय लागते. प्रश्न हातात आला की उत्तर शोधण्याआधी बघायचं, हा प्रश्न आधी कोणाकोणाला पडला होता आणि ते कुठे फसले. आज तेच सांगते.

सुरुवात डांबरापासून. इंग्रजीतल्या 'टारपॉलिन' शब्दात टार म्हणजे डांबर आहे. जहाजावरच्या जाड कापडाला डांबर फासलं की पाणी आत येत नसे. आपण त्याला ताडपत्री म्हणतो, जणू ताडाच्या पानांचीच आहे. तेव्हाचा प्रश्न सरळ होता: पाणी वरून येतं, ते अडवा.

१८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने पेटंट घेतलं. गॅस कारखान्यातून निघणाऱ्या कोलटारपासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मध्ये लावायचं. झालं वॉटरप्रूफ कापड. पण तक्रारी सुरू झाल्या. थंडीत कापड कडक व्हायचं, उन्हात चिकट. शिंप्याच्या सुईने पडलेल्या भोकांतून पाणी झिरपायचं. आणि घाम आतच अडकायचा, म्हणजे पावसात न भिजता माणूस आतून ओला! पुढे व्हल्कनायझेशनमुळे चिकटपणा गेला. पण दोन गोष्टी शिल्लक राहिल्या: शिवणीची भोकं आणि आतली वाफ. या दोन्ही लक्षात ठेवा.

आता ट्रेलरकडे येऊ. १९२९ मध्ये डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांनी सुट्टीसाठी कापडी तंबूचा ट्रेलर घेतला. पहिल्याच पावसात कुटुंब भिजलं. हे गृहस्थ बॅक्टेरिऑलॉजिस्ट होते, म्हणजे आपल्यासारखेच प्रयोगशाळेतले. त्यांनी लाकडी सांगाड्यावर मेसोनाइटचे पत्रे ठोकून पक्क्या भिंतींचा ट्रेलर करून घेतला. त्याचं नाव पडलं 'कव्हर्ड वॅगन', आणि काही वर्षांत त्यांची कंपनी या धंद्यातली मोठी कंपनी झाली. गंमत बघा, कापडाचं आवरण फसलं म्हणून भिंती आल्या, आणि आज त्या भिंती वाचवायला आपण पुन्हा कापड शोधतोय.

पक्क्या भिंती आल्या म्हणून ओल संपली का? नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरांच्या भिंतींत इन्सुलेशन भरायला लागले आणि काही घरांचा बाहेरचा रंग सोलून निघू लागला. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीसारख्या ठिकाणी काम झालं तेव्हा कळलं की पाणी बाहेरून येतच नव्हतं. घरातली वाफ भिंतीत शिरून थंड भागावर दव होऊन बसत होती. आकडेच बघा. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, ० अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. उरलेली वाफ कुठेतरी पाणी होऊन बसणारच.

म्हणजे प्रश्न बदलला. 'पाणी आत कसं येऊ द्यायचं नाही' याच्या जोडीला आला 'आतली वाफ बाहेर कशी जाऊ द्यायची'. या प्रश्नाला कामी आलेलं एक उत्तर योगायोगाने सापडलं होतं. १९५५ मध्ये ड्यूपॉंटच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट या संशोधकाला एका पाइपमधून पॉलिएथिलीनचा पांढरा कापूस बाहेर पडताना दिसला. त्यातून टायव्हेक तयार झालं आणि १९६७ मध्ये बाजारात आलं. त्याच्या बारीक तंतूंच्या जाळीतून पाण्याचे थेंब सहसा जात नाहीत, वाफ जाते. आज आरव्हीची चांगली कव्हरं टायव्हेक किंवा न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची असतात ती यासाठीच.

मग प्रश्न मिटला? थांबा, ऊन राहिलं. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची ऊर्जा सुमारे ४०० किलोज्यूल प्रति मोल असते आणि साध्या कार्बन-कार्बन बंधाची सुमारे ३५०. पॉलिप्रॉपिलीन तर उन्हाला फारच हळवं. त्यात स्टॅबिलायझर घालतात, पण तोही हळूहळू संपतो आणि कापड चिरफाळतं. म्हणजे कव्हर हे झिजण्यासाठीच असतं. छताऐवजी ते झिजतं, हाच त्याचा उपयोग. त्यामुळे किंमत एकदाची न धरता दर काही वर्षांनी धरायची.

एवढं वाचून मी दादाला फोन केला. कव्हरबद्दल काहीच बोलले नाही. म्हटलं, "दादा, एक कागद घे आणि ट्रेलरचा नकाशा काढ. बुरशी कुठे आहे, जमीन कुठे दबते, खुणा कर."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. जमीन दबत होती ती बरोबर छतावरच्या झरोक्याच्या खाली. तिथलं सीलंट तडकलेलं होतं. बुरशी मात्र बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांत आणि खिडक्यांच्या कडेला. म्हणजे दोन वेगवेगळी पाणी होती! एक वरून झिरपलेलं, जे बहुधा ताडपत्रीच्या आधीपासूनचं असणार, कारण लाकूड एका हिवाळ्यात सहसा इतकं कुजत नाही. दुसरं आतल्या वाफेचं, जे ताडपत्रीने कोंडून ठेवलं. मॅकिंटॉशच्या कोटातल्या त्याच दोन जुन्या तक्रारी: शिवण आणि घाम.

दादाने दोघांचा दोष एका ताडपत्रीवर टाकला होता, आणि मीही टाकणार होते.

ठरलं ते असं. आधी छताचे सगळे सांधे नवीन सीलंटने भरायचे, कुजलेली फळी बदलायची, आतलं सगळं वाळवायचं. त्यानंतरच वाफ जाऊ देणारं कव्हर घ्यायचं, कोपऱ्यांना गाद्या लावून नीट ताणून बांधायचं, कारण फडफडणारं कव्हर रंग घासून काढतं. दुरुस्तीनंतर पैसे उरले नाहीत तर यंदा कव्हर नको, फक्त झरोक्याला टोपण बसवायचं आणि बर्फ झाडत राहायचं. गळक्या छतावर महागडं कव्हर घालणं म्हणजे रोग झाकणं.

"आणि चुकलं तर?" दादाने विचारलं. खरं सांगितलं, एप्रिलमध्ये कळेल, आणि तेव्हाही पुरतं कळणार नाही. ट्रेलर एकच आहे, तुलनेला दुसरा नाही, आणि आपण सांधे आणि कव्हर दोन्ही एकदम बदलतोय. म्हणून आत तीन ठिकाणी स्वस्तातले आर्द्रतामापक ठेवायला सांगितलेत. दर रविवारी वहीत आकडे लिहायचे.

संशोधनाला लागणाऱ्यांसाठी एवढंच. तुमच्याकडे 'हे करू की नको' असा प्रश्न आला तर हो-नाही म्हणायच्या आधी नकाशा काढा. नुकसान नेमकं कुठे आहे ते बघा. बऱ्याचदा एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असतात, आणि जुन्या लोकांनी ते आधीच वेगळे करून ठेवलेले असतात.