आंदोलन : झोक्यावरून रस्त्यावर

‘आंदोलन’ म्हटले की मोर्चा आठवतो. संस्कृतात मात्र ‘दोला’ म्हणजे झोका आणि ‘आन्दोलन’ म्हणजे झुलणे. आपले डोलणे, डोली याच गोतातले. कीर्तनात माना डोलतात, तेही दोलनच. नागपंचमीचा झोका पाहा : दोर सव्वादोन मीटरचा असेल आणि झोका बेताचा, तर एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ३ सेकंद लागतात, वर पोर बसो की थोराड माणूस. वेळ दोराची लांबी ठरवते. ढकलणे थांबले की हवा आणि घर्षण झोका हळूहळू निववतात. विज्ञानाच्या पुस्तकाने ‘दोलन’ ठेवून घेतले, ‘आंदोलन’ वर्तमानपत्रांनी नेले. नियम मात्र दोघांनाही लागू : नेमक्या वेळी रेटा मिळाला नाही, तर झुलणे थांबते.