लोकाहून लोकास : म्हैसूरचे ‘विमानशास्त्र’ आणि अन्य जीवसृष्टीचा प्रश्न

विश्वात पृथ्वीखेरीज अन्यत्र जीवसृष्टी आहे काय, हा प्रश्न आज दुर्बिणीच्या आणि प्रयोगशाळेच्या अधिकारात गेला आहे, आणि ते योग्यच झाले. तथापि या प्रश्नाची एक बाजू अद्याप ग्रंथांच्या अभ्यासकाकडेच राहिलेली आहे. ‘परग्रहावरील बुद्धिमान जीव पूर्वी येथे येऊन गेले’ किंवा ‘आपले पूर्वज ग्रहांतरी जात येत होते’ असे जे सांगतात, त्यांचा पुरावा आकाशात नसतो; तो पोथीत असतो. पोथीचा काळ, तिची भाषा आणि तिचा कर्ता यांची तपासणी करणे हे खगोलशास्त्रज्ञाचे काम नव्हे, ते आपले आहे. ते आपण किती सावधपणे करतो, हे पाहण्यास म्हैसूर येथून प्रसिद्ध झालेल्या ‘वैमानिक शास्त्रा’च्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण नाही.

२५ ऑगस्ट १९५२ रोजी म्हैसूरहून वृत्तसंस्थेने एक बातमी पाठविली. तेथील संस्कृत संशोधनसंस्थेचे संचालक जी. आर. जोसियर यांनी काही हस्तलिखिते दाखविली असून, ती प्राचीन ऋषींच्या ग्रंथांची आहेत आणि त्यांपैकी एकात विमानविद्येचे विवेचन आहे, असा तिचा आशय होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला ही बातमी गोड वाटली असल्यास नवल नाही. पुढे १९५९ मध्ये दिल्लीहून ‘बृहद् विमानशास्त्र’ या नावाने हिंदी भाषांतरासह आवृत्ती निघाली. तिला बडोद्याच्या ग्रंथालयातील प्रतीचा आधार होता. १९७३ मध्ये खुद्द म्हैसूरहून जोसियर यांनी इंग्रजी भाषांतर आणि आकृत्या यांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. आठ अध्याय, सुमारे तीन हजार श्लोक आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर अशी चार विमाने, असा त्याचा विस्तार आहे.

ग्रंथाच्या आरंभीच विमानाची व्याख्या येते. देशाहून देशास, द्वीपाहून द्वीपास आणि लोकाहून लोकास जे आकाशमार्गे जाऊ शकते ते विमान, असा तिचा भावार्थ आहे. यांतील तिसऱ्या पदाने सारा घोटाळा केला. ‘लोक’ या शब्दाचा अर्थ आपल्या परंपरेत ‘ग्रह’ असा नाही. भूलोक, पितृलोक, स्वर्लोक ही पुण्यपापाच्या आणि चित्ताच्या अवस्थांची नावे आहेत; तेथे मनुष्य जातो तो कर्माने किंवा कृपेने. मराठी भाविक ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असा जयघोष करतो, तेव्हा तो ब्रह्मांडांची गणती करीत नसतो. आपल्या क्षुद्रतेची कबुली देत असतो. परंतु दुर्बिणीच्या युगात हाच ‘लोक’ शब्द वाचला की त्याखाली मंगळ आणि शुक्र दिसू लागतात, आणि ग्रहावर जाण्याचे यान सिद्ध झाले म्हणजे ग्रहावरील यजमानही आपोआप सिद्ध होतो. एका शब्दाच्या अर्थांतरावर एक अख्खी जीवसृष्टी उभी राहते.

आता या ग्रंथाचा उगम पाहू. तो कोणा प्राचीन भूर्जपत्रावर सापडलेला नाही. बंगळूरजवळील आनेकल येथे राहणारे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तो तोंडी सांगितला आणि वेंकटाचल शर्मा यांनी तो लिहून घेतला. आकृत्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढल्या. महर्षी भरद्वाजांनी हे ज्ञान अंतर्दृष्टीने आपणांस दिले, अशी शास्त्रीबोवांची श्रद्धा होती. त्यांच्या सात्त्विकतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो की, अशा रीतीने प्राप्त झालेल्या ग्रंथाचा काळ कोणता मानावयाचा : ऋषीचा की शिष्याचा?

मराठी वाचकाला याचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला, आणि नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, हे तुकोबांनीच सांगितले आहे. या स्वप्नांची थोरवी आपण मानतो. तुकोबांच्या जीवनाचा अर्थ त्यांच्याविना लागत नाही हेही मान्य करतो. पण म्हणून तुकोबांचे अभंग नामदेवांच्या, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातील आहेत, असे आजवर कोणा अभ्यासकाने म्हटलेले नाही. त्यांची भाषा सतराव्या शतकाची आहे, त्यांतील महाजन, कुणबी आणि दुष्काळ सतराव्या शतकाचे आहेत. साक्षात्कार ही ज्याला होतो त्याच्या आयुष्यातील घटना असते. तिचा काळ त्याच्या आयुष्यावरून ठरतो. हा साधा न्याय आनेकलच्या पंडितांना लावला असता, तर त्यांच्यावर पुढे आलेला उपहासाचा प्रसंग टळला असता.

हा न्याय अखेर लावला तो साहित्याच्या अभ्यासकांनी नव्हे, तर अभियंत्यांनी, ही गोष्ट आपणांस थोडी लाजविणारी आहे. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू या पाच जणांनी या ग्रंथाचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी प्रथम यंत्राकडे न पाहता भाषेकडे पाहिले. अनुष्टुभ छंदातील ही सुबोध संस्कृत रचना वैदिक भाषेची नाही, ती अर्वाचीन आहे, हे त्यांनी नोंदविले. संबंधित व्यक्तींकडे जाऊन त्यांनी ग्रंथाचा इतिहास जुळविला आणि तो १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही, असा निष्कर्ष काढला. राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले, हे येथे स्मरणात ठेवावे. मग त्यांनी वजन, आकार आणि गती यांची गणिते करून दाखविले की, वर्णिलेल्या चार विमानांपैकी एकही उडण्याजोगे नाही. पाठचिकित्सा आणि शास्त्रचिकित्सा यांचा असा मेळ आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळतो. विशेष म्हणजे त्यांनी शास्त्रीबोवांची टवाळी केली नाही. दोष ठेवला तो हस्तलिखिताचा इतिहास सरळपणे न सांगणाऱ्यांवर.

या कथेचा एक धागा मुंबईत येऊन मिळतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले, असे मराठीत वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्या उड्डाणाला निर्णायक असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. सुब्बराय शास्त्री आणि तळपदे यांचा परिचय होता, शास्त्रींच्या मार्गदर्शनाने तळपद्यांनी काही प्रतिकृती करून पाहिल्या आणि त्या उडाल्या नाहीत, असे बंगळूरच्या परीक्षणावरून दिसते. मला या अपयशात तळपद्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांनी पोथी केवळ मिरविली नाही, ती लाकडात आणि कापडात उतरवून पाहिली. न उडालेली प्रतिकृती हा प्रामाणिक पुरावा आहे. उडाल्याची आख्यायिका हा पुरावा नव्हे. आपण मात्र प्रतिकृती विसरलो आणि आख्यायिका जपली.

पुढे जे घडले ते अधिक विलक्षण आहे. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने ‘प्राचीनांचे देव म्हणजे परग्रहावरील प्रवासी’ ही कल्पना जगभर पसरविली. मराठीतही ‘पृथ्वीवर माणूस उपराच’ या सुरेशचंद्र नाडकर्णींच्या पुस्तकाने पुष्कळ वाचकांना या वाटेवर नेले. १९९१ मध्ये डेव्हिड हॅचर चाइल्ड्रेस या अमेरिकन लेखकाने म्हैसूरचे विमानशास्त्र आपल्या पुस्तकात समाविष्ट करून ते या पंथाच्या वाचकांपुढे ठेवले. म्हणजे जो ग्रंथ भारतीयांचे कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी पुढे आणला गेला, तो अखेर या विद्येचे मूळ पृथ्वीबाहेर शोधणाऱ्यांच्या हाती पडला. अतिरिक्त अभिमानाची परिणती परावलंबनात कशी होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. इतके होऊनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. पुढच्याच वर्षी ही परिषद म्हैसूर विद्यापीठात भरली, हा योगायोग नियतीच्या विनोदबुद्धीची साक्ष देतो.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवून पाहावे. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मलेले आणि मे २०२५ मध्ये पुण्यात दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांना जीवसृष्टीचे बीज अंतराळातून पृथ्वीवर आले असावे, या फ्रेड हॉईल यांच्या मताविषयी आस्था होती. त्यांनी पोथी उघडली नाही. हैदराबादहून फुगे सोडण्याच्या प्रयोगांत ते सहभागी झाले. २००५ च्या प्रयोगात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक पात्रांतून गोळा करण्यात आले. त्यांत जिवाणू आणि बुरशी यांच्या वसाहती मिळाल्या, आणि २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला हॉईल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. परंतु त्याच वेळी, हे जीव पृथ्वीबाहेरूनच आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही इस्रोने सांगून टाकले. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू झाडांच्या मुळांभोवतीच्या मातीतही आढळला. ज्या मताविषयी आस्था आहे, त्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही नोंदविणे, यालाच शास्त्रीय वृत्ती म्हणतात.

नारळीकरांनी आपली कल्पनाशक्ती मारली असे मात्र नव्हे. ‘प्रेषित’सारख्या कादंबरीत त्यांनी परग्रहावरील जीवाला मुक्तद्वार दिले. ती कादंबरी आहे असे मुखपृष्ठावर लिहिले होते, एवढाच काय तो फरक. पण तो सर्वस्वाचा फरक आहे. मराठीने ही शिस्त लवकर आत्मसात केली होती. १९०० साली ‘केरळकोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या कथेवरून ‘चंद्रलोकची सफर’ येऊ लागली, तेव्हा शीर्षकात तोच ‘लोक’ शब्द होता; पण ती सफर मनोरंजनासाठी आहे, हे वाचकाला सांगावे लागले नाही. सुब्बराय शास्त्रींचा ग्रंथही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील एका पंडिताचे यंत्रयुगाविषयीचे स्वप्न म्हणून वाचला, तर तो टाकाऊ ठरत नाही. परकीयांच्या यंत्रसामर्थ्याने दिपलेले एक संस्कृत मन आपल्या भाषेत, आपल्या छंदात त्या यंत्रावर हक्क सांगते, हे दृश्य करुण आहे आणि भव्यही आहे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मानाची जागा देता येईल. विमानविद्येच्या इतिहासात ती देता येणार नाही.

मूळ प्रश्न अजून मोकळाच आहे. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह सापडला. २०२५ पर्यंत अशा परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. त्याच वर्षी सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी संबंध असू शकणाऱ्या वायूच्या खुणा दिसतात, असे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने मांडले आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यावर लागलीच आक्षेप घेतले. हा वाद वाचताना मला बंगळूरच्या त्या पाच परीक्षकांची आठवण होते. वर्णपटातील पुसट रेघ काय आणि पोथीतील एक शब्द काय, दोहोंना आपल्याला हवे तेच बोलावयास लावण्याचा मोह सारखाच असतो. कदाचित उद्या अन्यत्र जीव असल्याचे खात्रीने कळेल. त्या दिवशी ती वार्ता ओळखण्याची पात्रता आपल्या अंगी असावी, यासाठी तरी आज हाती असलेला ग्रंथ आपण नीट वाचला पाहिजे.