नायगाव, नायगाव, ओतूर

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज छापील रूपात वाचायला मिळतात. पहिले नायगावहून, १० ऑक्टोबर १८५६ चे. दुसरे नायगावहूनच, २९ ऑगस्ट १८६८ चे. तिसरे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून, २० एप्रिल १८७७ चे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयात ती आहेत. ‘काव्यफुले’ लिहिणाऱ्या या कवयित्रीचा पत्रव्यवहार म्हणून आपल्या हाती एवढाच ऐवज.

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या छत्रपती संभाजीनगरात शाळाशाळांतून भाषणे होतात. शिकवायला जाताना अंगावर पडलेले शेणमातीचे गोळे आणि सोबत नेलेले जादा लुगडे, यापुढे त्यातली फार थोडी जातात. पत्रांचा उल्लेख झालाच तर तारखेपुरता होतो. खरे तर सावित्रीबाईंचा रोजचा दिवस कसा जात असेल, हे त्यांच्याच शब्दांत सांगणारे कागद हेच आहेत. ते सावकाश वाचले पाहिजेत, आणि त्यांत नाही ते त्यांच्या माथी मारता कामा नये.

तीन पत्रे म्हणजे किती थोडी, हे एका समकालीन कवयित्रीशी तुलना केली की कळते. सावित्रीबाईंच्या जन्माआधी चोवीस दिवस, १० डिसेंबर १८३० रोजी, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट या गावी एमिली डिकिन्सन जन्मली. तिच्या हयातीत जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. १८८६ साली ती गेल्यावर धाकट्या बहिणीला, लॅव्हिनियाला, हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या. आज तिच्या कवितांची संख्या अठराशेच्या घरात धरली जाते. पत्रांची गोष्ट त्याहून थक्क करणारी आहे. २०२४ साली आलेल्या तिच्या पत्रांच्या नव्या आवृत्तीत १,३०४ पत्रे आहेत. त्यामुळे ती पाव कसा भाजायची, काचेच्या खोलीत कोणती फुलझाडे जपायची, शेजारच्या घरी राहणाऱ्या भावजयीला चिठ्ठ्या कशा पाठवायची, हे सारे ठाऊक आहे. १८५६ साली गावच्या कृषी प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरे बक्षीस मिळाले, एवढी बारीक नोंदसुद्धा शिल्लक आहे.

त्याच १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावी आल्या होत्या. वय पंचवीस. ‘काव्यफुले’ छापून दोन वर्षे झाली होती. म्हणजे प्रसिद्धीच्या हिशेबात ॲमहर्स्टच्या बाईंपेक्षा नायगावची लेक पुढे होती. पत्रांच्या हिशेबात मात्र १,३०४ आणि तीन. पत्र टिकायला ते ज्याला मिळाले त्याच्या घरी कागद जपायची सोय आणि स्वस्थता लागते. डिकिन्सनचे वडील वकील, घर दुमजली विटांचे, पत्रे ज्यांना जात तेही सुखवस्तू आणि लिहिणारे. फुल्यांच्या पुण्याच्या घरात विद्यार्थी, अडलेल्या विधवा, त्यांची तान्ही मुले आणि सत्यशोधक समाजाची माणसे यांचा राबता. तिथे बसून कागद नीट लावून ठेवायला कोणाला वेळ होता?

पहिल्या पत्राची सुरुवात तब्येतीने होते. दुखण्याचे बरेच चढउतार झाले, आता बरे वाटते आहे. भावाने मनापासून शुश्रूषा केली. पूर्ण बरी झाले की पुण्यास येते, काळजी नसावी. मग एक ओळ फातिमाबद्दल: आपण नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही.

ही ओळ आज फार महत्त्वाची झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये, सावित्रीबाईंची सहशिक्षिका मानली जाणारी फातिमा शेख या नावाची बाई होती की नव्हती, यावरच वाद पेटला. एका बाजूने तिला पूर्ण चरित्र बहाल केले होते, दुसऱ्या बाजूने तिला समूळ पुसून टाकायला निघाले. पत्रात आहे ते इतकेच: फातिमा नावाची कोणी एक पुण्यात सावित्रीबाईंच्या कामात बरोबरीने आहे, आणि सावित्रीबाई नसल्या की तो भार तिच्यावर येतो. आडनाव नाही, पदवी नाही, जन्मतारीख नाही. पण सहकारणीच्या स्वभावाची खात्री आहे, आणि अशी खात्री सहवासाशिवाय येत नाही. माझ्या मते एवढे पुरेसे आहे. यापुढे जाऊन तिची जयंती ठरवणे हे इतिहासाचे काम नव्हे, आणि ही ओळ डोळ्यांआड करणे हेही नव्हे.

पुढे पत्राचा मोठा भाग भावाशी झालेल्या वादाचा आहे. तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी राबता म्हणून वाळीत पडला आहात, कुळाला बट्टा लागतो आहे, जातीच्या रिवाजाने आणि भटांच्या सांगण्याने वाग, असे तो म्हणाला. आईला ते लागले. सावित्रीबाईंनी त्याला नागपंचमीची आठवण करून दिली: गाय, शेळी कुरवाळतोस, विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ का? सोवळ्यातला ब्राह्मण तुलाही शिवून घेत नाही, हेही सुनावले. भाऊ संतापला, पुन्हा प्रश्न विचारले, शेवटी वरमला.

इथे जरा थांबावे लागते. भावाचे मतपरिवर्तन एका बैठकीत होते आणि आई लेकीला धन्य म्हणते, हा प्रसंग थोडा घडीव वाटतो. शिवाय जोतीरावांना जे तोंडपाठ होते तेच त्यांना इतक्या विस्ताराने कशाला सांगायचे? मला वाटते, हे पत्र त्यांच्या एकट्यापुरते लिहिलेले नसावे. घरात चार माणसे जमली की पत्र मोठ्याने वाचायची आपल्याकडे रीतच होती. हा युक्तिवाद पुण्यातल्या सहकाऱ्यांच्याही कानी पडावा, अशा बेताने तो मांडलेला दिसतो. तब्येत, भाऊ आणि फातिमा यांबद्दलचा सुरुवातीचा मजकूर तेवढा नवऱ्यासाठी.

दुसरे पत्र आटोपशीर आहे, आणि तिन्हींत मला तेच सर्वांत खरेखुरे वाटते. तुमचे पत्र पोचले, इकडे सारे क्षेम, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत येते, अशी सुरुवात. जोतीरावांनी आधी पत्र पाठवले होते हे आपल्याला या उत्तरातूनच कळते. डिकिन्सनच्या बाबतीतही असेच झाले: तिला आलेली पत्रे तिच्याच इच्छेनुसार बहिणीने जाळली, त्यामुळे संवादाची एकच बाजू उरली.

क्षेमकुशल संपले की, मध्यंतरी एक विपरीत घडले, असे म्हणून सावित्रीबाई हकीकत सांगतात. गणेश नावाचा एक ब्राह्मण गावोगाव फिरून धार्मिक विधी करी, भविष्य सांगे, त्यावर पोट भरी. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. ती सहा महिन्यांची गरोदर असल्याचे गावाला समजले. लोकांनी दोघांना पकडले, गावातून मिरवत नेले, आता मारूनच टाकायचे असा घाट घातला. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या.

त्यांनी काय सांगितले हे पाहण्यासारखे आहे. दयेची विनवणी नाही, धर्माचा दाखला नाही. इंग्रजी कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे याची त्यांनी जमावाला जाणीव करून दिली. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली होती. म्हणजे कायदा जेमतेम साडेसहा वर्षांचा होता, आणि खंडाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात एक बाई संतापलेल्या गर्दीपुढे उभी राहून त्याचा धाक घालत होती. जमाव नरमला. सदूभाऊ नावाच्या गृहस्थाने मात्र हट्ट धरला की दोघांनी गाव सोडावे. ते कबूल झाले. पाया पडून रडणाऱ्या त्या दोघांना सावित्रीबाईंनी कसेबसे शांत केले, आणि आता त्यांना तुमच्याकडे पाठवीत आहे, असे लिहून पत्र आवरते घेतले.

सहा महिन्यांची गरोदर मुलगी पुण्याला पाठवण्यामागे नुसती हिंमत नव्हती, तशी व्यवस्थाही होती. फुल्यांनी १८६३ च्या सुमारास आपल्याच आवारात अडलेल्या विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती. ४ डिसेंबर १८८४ रोजी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या टिपणावर सरकारला दिलेल्या मतात जोतीराव तिची हकीकत सांगतात: काशीबाई या ब्राह्मण विधवेने अब्रूच्या भीतीने आपले मूल मारले, तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यानंतर हे घर काढले आणि ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तशा जाहिराती चिकटवल्या. तोवर पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. मुले वाचली पाच. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी तीस दगावली. हा आकडा कोणत्याही गौरवग्रंथातला नाही, सरकारी कामासाठी लिहिलेल्या कागदातला आहे, म्हणून तो अधिक बोचतो. जोतीरावांच्या १८८७ च्या मृत्युपत्रातही या बाळंतपणांत सावित्रीबाईंनी घेतलेल्या कष्टांची नोंद आहे. आता हे डोळ्यांपुढे आणा: पस्तीस बाळंतपणे, त्यांतली तीस मुले मातीला. पाणी तापवणे, नाळ कापणे, आईला सावरणे, आणि मग मेलेले मूल बाहेर नेणे. पत्रांत हे कुठेच येत नाही. बाईंनी ते लिहिले नाही, नवऱ्याने कायद्याच्या कागदात लिहिले.

तिसरे पत्र दुष्काळातले. १८७६ साल सरले तरी दुष्काळ हटला नाही, असे म्हणून त्या ओतूर भागाचे चित्र काढतात. गुरे जमिनीवर कोसळत आहेत, वैरण नाही, नदीनाले आटले, झाडांना पान नाही, भुई भेगाळली. लोक गावे सोडत आहेत, काही पोटची पोरे विकत आहेत. पिवळा चाफा आणि जाईच्या फुलांवर कविता लिहिणारी बाई इथे एकही उपमा वापरत नाही.

मग कामाचे वर्तमान. सत्यशोधकांनी समित्या नेमल्या, मदतीची पथके काढली. कोंडाजभाऊ आणि त्यांची पत्नी उमाबाई आपली चांगली काळजी घेतात. ओतूरचे शास्त्री, गणपती सखाराम, डुंबरे पाटील वगैरे मंडळी तुमच्या भेटीस येणार आहेत. आणि एक सूचना: साताऱ्याहून निघालात की आधी ओतूरला या, मग अहमदनगरला जा.

या सूचनेतून बरेच कळते. जोतीराव त्या वेळी साताऱ्याकडे आहेत आणि पुढे नगरला जायचे आहेत. सावित्रीबाई जुन्नरच्या बाजूला स्वतंत्रपणे फिरत आहेत. दोघांनी मुलूख वाटून घेतलेला दिसतो, आणि दौऱ्याचा मार्ग बायको सुचवत होती. ओतूर कल्याण–नगर रस्त्यावर आहे. नकाशा उघडून पाहिला तर बाईंचा सल्ला सोयीचाच होता. पतीच्या पावलावर पाऊल ठेवणारी, असे आपण सहज म्हणून जातो. या पत्रात पाऊल कुठे ठेवायचे ते त्या सांगत आहेत.

पत्रात पुढे सावकारांची हकीकत आहे: त्यांनी अडलेल्यांची पिळवणूक मांडली, दंगे उसळले. दोनच वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले होते. त्यामुळे सरकार धास्तावलेले. कलेक्टर गोरे शिपाई घेऊन आला आणि पन्नास सत्यशोधकांची धरपकड झाली. त्याने सावित्रीबाईंना बोलावले. आमच्या माणसांवर खोटे आळ का घेतले, त्यांना ताबडतोब सोडा, असे त्यांनी तोंडावर सांगितले. त्याने आपल्याच शिपायांना झापले, माणसे सोडली आणि चार गाड्या ज्वारी पाठवली. सावित्रीबाई त्याला सरळ आणि निःपक्षपाती म्हणतात. हे आज काहींना खटकेल. पण ज्वारीच्या चार गाड्या दारात उभ्या असताना त्यांना साम्राज्यशाहीचा विचार करायला सवड नव्हती, आणि तशी अपेक्षा धरणेही गैर आहे.

या पत्राला बाहेरून दुजोरा मिळतो. महिनाही उलटला नव्हता तोच, मे १८७७ मध्ये, जोतीरावांनी दुष्काळातल्या निराधार मुलांसाठी धनकवडीला काढलेल्या व्हिक्टोरिया बालाश्रमाकरिता मदतीचे आवाहन प्रसिद्ध केले. पोरे विकली जात असल्याचे ओतूरहून आलेले वर्तमान आणि हा बालाश्रम यांना जोडणारा कागद नाही. तारखा मात्र शेजारी शेजारी आहेत.

यानंतर पत्र नाही. जोतीराव आजारी असताना त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी ३१ जुलै १८९० रोजी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना मदतीसाठी लिहिले. त्यात जोतीरावांपेक्षाही त्यांच्या पत्नीची वाखाणणी करावी तेवढी थोडी, असा अभिप्राय आहे. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. १८९३ ला सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षस्थानी सावित्रीबाई होत्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोचवले. त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या वारल्या.

शाळांना एक सुचवावेसे वाटते. येत्या ३ जानेवारीला भाषणाऐवजी ही तिन्ही पत्रे पुरी वाचून दाखवा. एका तासिकेत होतात. आणि जुन्नर, नगर, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात ज्यांच्या घरात जुनी सत्यशोधक परंपरा आहे, त्यांनी माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत घालण्याआधी एकदा पुराभिलेख कार्यालयात दाखवावेत. गणपती सखाराम किंवा डुंबरे पाटील यांच्यासारखी माणसे जोतीरावांच्या भेटीला जाणार होती, हे तर ओतूरच्या पत्रावरून उघडच आहे.