प्राण, दाब आणि भ्रंश

उतारवयातल्या विस्मरणावर 'हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी'चे नाव अलीकडे वरचेवर कानावर येते. नाव अगडबंब असले तरी त्याची फोड केली की आतून आपलीच भावकी निघते.

'हायपर' म्हणजे ग्रीकमध्ये वर, पलीकडे. संस्कृत 'उपरि' आणि हा 'हायपर' एकाच मुळाचे. त्याच 'उपरि'चे प्राकृतात 'उवरि' झाले आणि मराठीत 'वर'. 'बॅरिक'च्या मागे 'बॅरोस' म्हणजे भार आणि 'बॅरिस' म्हणजे जड हे ग्रीक शब्द आहेत. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर याच घरातला. आपला 'गुरु' हाही 'बॅरिस'चा चुलतभाऊ. गुरु म्हणजे आधी जड आणि मग शिकवणारा. छंदशास्त्रातले लघु-गुरु किंवा पचायला गुरु असलेले अन्न यांत तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

मराठीत या उपचाराला 'उच्चदाब प्राणवायू उपचार' म्हणता येईल. पण 'उच्चदाब' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बीपीची गोळी येते. इथला दाब रक्ताचा नाही, भोवतालच्या हवेचा आहे. म्हणून 'अतिदाब' बरा.

हा दाब अंगाला कसा जाणवतो? रुग्णाला पारदर्शक नळकांड्यात झोपवतात किंवा अनेकांच्या खोलीत मास्क लावून बसवतात. दाब वाढू लागला की घाटात बसतात तसे कानात दडे बसतात. आवंढा गिळायचा, जांभई द्यायची. आतली हवा थोडी गरम होते. अंगावर सुती कपडेच चालतात. तेल, अत्तर, मोबाइल सगळे बाहेर ठेवायचे, कारण ऑक्सिजनने भरलेल्या जागेत ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. वातावरणाच्या दुप्पट दाब म्हणजे समुद्रात 10 मीटर खोल गेल्यासारखे. एरवी रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेते. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेतला की तो रक्तद्रवातही बऱ्यापैकी विरघळतो. वायूवरचा दाब वाढवला की तो द्रवात जास्त विरघळतो, हा विल्यम हेन्री यांचा 1803 चा नियम. पाणबुड्यांना होणारा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेह्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या काही जखमा यांवर हा उपचार मान्य आहे.

आता 'ऑक्सिजन'. 1774 मध्ये प्रीस्टली यांनी हा वायू वेगळा केला आणि लॅव्हॉझिए यांनी त्याचे बारसे केले. अर्थ, आंबटपणा जन्माला घालणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्यांची समजूत होती. पुढे हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की मिठापासून निघणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. बंगालीने त्याचे 'अम्लजान' केले, म्हणजे चुकीसकट भाषांतर केले. मराठीने 'प्राणवायू' घेतला. हा शब्द रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीचा. 'अन्' म्हणजे श्वास घेणे, त्याला 'प्र' लागून प्राण. प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांतला प्राणवायू म्हणजे बाटलीत भरता येणारा वायू नव्हे, तर देहातले चलनवलन. जुन्या शब्दाला नवे काम मिळाले खरे, पण जुने तेज त्याच्यावर राहिले. 'प्राण' जास्त दिला तर अपाय कसला, असे सहज वाटून जाते. पण दाबाखाली ऑक्सिजनचा अतिरेक झाला तर झटके येतात, हे पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच लिहून ठेवले आहे.

तिसरा शब्द 'डिमेन्शिया'. लॅटिन 'मेन्स' म्हणजे मन; आपली 'मति' तिची सख्खी बहीण. 'डी' लागला की मति ढळली. मराठीत आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. 'भ्रंश्' म्हणजे घसरणे, निसटणे, 'अपभ्रंश' त्यातूनच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही स्मृतिभ्रंश आहे, पण तो क्रोधातून येणारा, म्हातारपणाचा नव्हे. आजाराचे नाव म्हणून हा शब्द तोकडाही पडतो. डिमेन्शियात नुसती आठवण जात नाही. हिशेब, दिशा, भाषा, स्वभाव यांचाही तोल जातो. बोलीत तर आपण आजाराचा वयोधर्मच करून टाकला. 'साठी बुद्धी नाठी' यातली 'नाठी' म्हणजे नष्ट झालेली. 'म्हातारचळ' म्हटले की हसून विषय संपतो आणि डॉक्टरकडे जाणे राहून जाते.

मग अतिदाब प्राणवायूने भ्रंश थांबतो का? 1969 मध्ये अमेरिकेत काही वृद्धांवर असा प्रयोग झाला, गुण आल्याचे छापून आले आणि आशा पल्लवित झाल्या. पुढच्या दशकातल्या काळजीपूर्वक चाचण्यांत तो गुण दिसेना. 2020 मध्ये इस्राएलमधल्या शाई एफ्राती यांच्या गटाने 63 ज्येष्ठांवर चाचणी केली. तीन महिन्यांत 60 सत्रे झाल्यावर लक्ष आणि विचारांचा वेग सुधारला. पण ही मंडळी निरोगी होती, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गटाला खोटा उपचारसुद्धा दिलेला नव्हता. रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने होणाऱ्या डिमेन्शियाबद्दल वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात मोजून एक चाचणी हाती लागली, 64 रुग्णांची. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने तर 2013 मध्येच बजावले होते की अल्झायमरवर हा उपचार सिद्ध झालेला नाही.

तेव्हा जाहिरातीतला 'प्राण' पाहून भुलू नका. घरातले कोणी विसरू लागले असेल तर आधी बी-12, थायरॉइड, ऐकू येणे आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्या. त्यांतले बरेच काही साध्या उपचारांनी सुधारते. साठ सत्रांचे पैसे भरण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला एवढेच विचारा : आमच्या रुग्णाच्या आजारावर याचा पुरावा आहे का?